घरातील सांडपाणी, परसबाग आणि मत्स्यतळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

न्हाणीघराचे पाणी झाडांना कसे देता येईल, याविषयी मागील अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी अनेकांत घरातील सगळे वापरलेले पाणी एका टाकीत जमवून ते एखाद्या गाळणीने स्वच्छ करावे आणि मग हवे तेथे वापरावे, अशी योजना मांडलेली आहे. या योजनेला माझा विरोध आहे. पाणी घराबाहेर पडण्यापूर्वीच त्याची प्रतवारी करावी, चांगले पाणी वाईटात मिसळू देऊ नये आणि ते ताजे असतानाच मातीच्या स्वाधीन करावे, ही पद्धत कमी खर्चाची आणि अधिक सुरक्षित आहे. पुढील उत्तरे या दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : घरातील कोणकोणते पाणी बागेला देता येते? सगळ्या मोऱ्यांचे पाणी एकाच नळीने बाहेर आणले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. शौचालयाचे पाणी पूर्णपणे वेगळे ठेवणे ही पहिली आणि तडजोड न होणारी अट आहे. आतड्यांतील रोगजंतू आणि जंतांची अंडी मुख्यतः त्याच पाण्यातून येतात, आणि ते एकदा मिसळले की बाकीचे तुलनेने स्वच्छ पाणीही मैलापाणीच समजावे लागते. शौचालयाचे पाणी वगळले तर घरातील सांडपाण्याचा निम्म्याहून अधिक भाग हाती उरतो, म्हणजे वेगळे ठेवण्याने आपले फारसे नुकसान होत नाही.

उरलेल्या पाण्यातही सरसकट एकच नियम लावता येत नाही. आंघोळीचे आणि हात-तोंड धुण्याचे पाणी हाताळायला सर्वांत सोपे असते. कपडे धुण्याचे पाणी कितपत चालेल हे त्यात कोणती पावडर किंवा साबण आहे यावर ठरते, मात्र शेवटच्या विसळणीचे पाणी बहुधा बरे असते. स्वयंपाकघरातील पाण्यात तेल आणि अन्नाचे कण असतात. तेलाने नळ्या चोंदतात, मातीच्या कणांवर तवंग बसून पाणी मुरेनासे होते आणि अन्नकण कुजून दुर्गंधी सुटते, त्यामुळे भांड्यांचे पाणी तेल अडवणाऱ्या सापळ्यातून गेल्याशिवाय बागेकडे वळवू नये. भाज्या आणि धान्य धुतलेले पाणी मात्र कोणत्याही प्रक्रियेविना थेट झाडाच्या बुंध्याशी ओतता येते. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे खारट पाणी बागेला कधीही देऊ नये.

आता अपवाद. तान्ह्या मुलांचे मळलेले कपडे धुतलेले पाणी शौचालयाच्या पाण्याइतकेच धोकादायक मानावे. घरात जुलाब, कावीळ किंवा विषमज्वराचा रुग्ण असेल, तर तो पूर्ण बरा होईपर्यंत बागेकडचा मार्ग बंद ठेवावा. केसांचा कलप, नळी मोकळी करणारी रसायने, तीव्र जंतुनाशके आणि रंगाचे ब्रश धुतलेले पाणी यांनाही हेच लागू आहे. म्हणून नळ टाकताना सर्वप्रथम पाणी बागेकडे किंवा गटाराकडे वळवता येईल अशी दुहेरी तोटी बसवावी आणि ती घरातील प्रत्येकाच्या हाताला सहज लागेल अशा जागी असावी. पावसाच्या दिवसांत, जमीन आधीच भिजलेली असताना, हीच तोटी उपयोगी पडते.

प्रश्न : चौघांच्या कुटुंबाच्या आंघोळीच्या पाण्यावर केवढी बाग पोसता येईल?

उत्तर : उष्ण आणि कोरड्या हवेत झाडे आणि माती मिळून दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी हवेत सोडतात, म्हणजे एका चौरस मीटरला रोज ५ लिटर पाणी लागते. माणशी ४० लिटर धरले तर चौघांचे १६० लिटर होतात आणि त्यावर सुमारे ३० चौरस मीटर क्षेत्र हिरवे राहू शकते. हवा थंड किंवा दमट असेल तर तेच पाणी अधिक क्षेत्राला पुरेल. पाणी जास्त आणि जमीन कमी, अशी स्थिती असेल तर उरलेले पाणी त्याच आळ्यात ओतण्याचा मोह टाळावा. सतत चिखल राहिलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी शुद्ध करणारे उपयुक्त जीवाणूही गुदमरतात.

प्रश्न : आम्ही आंघोळीचे पाणी मोठ्या टाकीत साठवतो. दोन दिवसांत त्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. कोणते औषध घालावे?

उत्तर : औषध घालू नये, टाकी काढावी. आंघोळीच्या पाण्यात त्वचेचे कण, साबणाची चरबी आणि थोडे जीवाणू असतात, शिवाय पाणी कोमट असते. बंद टाकीत जीवाणू पाण्यातील प्राणवायू काही तासांतच संपवतात. त्यानंतर प्राणवायूविना जगणारे जीवाणू पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, आणि आपल्याला येणारा वास त्याच वायूचा आहे. याच काळात रोगजंतूंची संख्याही वाढू शकते. वापरलेले पाणी २४ तासांपेक्षा अधिक ठेवू नये, हा सर्वत्र मान्य असलेला नियम यासाठीच आहे. ब्लीच घातल्याने वास तात्पुरता कमी होईल, परंतु तेच क्लोरीन पुढे मातीतील सूक्ष्मजीवांना मारील, ज्यांच्या बळावर ही सगळी पद्धत उभी आहे.

साठवण्याची आपली जागा म्हणजे माती. जमिनीला थोडा उतार असेल तर पंपाचीही गरज नाही. फळझाडाच्या खोडापासून काही अंतर सोडून, फांद्यांच्या घेराखाली सुमारे ३० सेंटिमीटर खोल गोल चर खणावा आणि तो लाकडाचे तुकडे, वाळक्या फांद्या व पालापाचोळा यांनी काठोकाठ भरावा. नळीचे तोंड या आच्छादनात गाडू नये, कारण मुळे पाण्याच्या शोधात नळीत शिरतात. उलटी ठेवलेली, भोके पाडलेली एखादी बादली चरात बसवून तिच्या पोकळीत नळी सोडावी, म्हणजे पाणी काही सेंटिमीटर हवेतून पडते, मुळे नळीपर्यंत पोहोचत नाहीत आणि पाणी कोणाच्या पायाखालीही येत नाही. लाकडाचे तुकडे वर्षभरात कुजून खाली बसतात. तेव्हा ते काढून खताच्या ढिगात टाकावेत आणि नवे भरावेत. केळ आणि पपई यांना असे पाणी विशेष मानवते, कारण दोन्ही झाडे भरपूर पाणी आणि अन्नद्रव्ये खेचून घेतात. जवळ पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर अशी आळी तिच्यापासून निदान ३० मीटर दूर आणि तिच्या खालच्या उताराला असावीत, असे मी सुचवीन.

प्रश्न : कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणी देऊ लागल्यापासून लिंबाच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसतात आणि आळ्यातली माती दगडासारखी घट्ट झाली आहे. पाणी कमी पडते आहे का?

उत्तर : पाणी कमी पडत नसावे. आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे कपडे धुण्याच्या पावडरकडे बोट दाखवतात. बहुतेक पावडरींत सोडियमचे क्षार मोठ्या प्रमाणात असतात. मातीचे चिकणकण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात आणि त्यांच्या मधल्या पोकळ्यांतून हवा-पाणी खेळते. सोडियम वाढले की ते कॅल्शियमची जागा घेते, कण विलग होतात, पोकळ्या बुजतात, आणि वाळल्यावर मातीचा थर कडक होऊन बसतो. पावडरीच्या पाण्याचा सामूही (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) अनेकदा ९ च्या वर असतो, आणि अशा मातीत लोह व जस्त असूनही झाडाला मिळत नाही, त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडू लागतात.

पानांच्या कडा जळण्यामागे क्षारांबरोबर बोरॉनही असू शकतो. काही धुलाई पावडरींत आणि डाग काढणाऱ्या पदार्थांत तो असतो. झाडांना बोरॉन अगदी सूक्ष्म प्रमाणात आवश्यक आहे, पण आवश्यक मात्रा आणि घातक मात्रा यांत फार थोडे अंतर आहे. लिंबूवर्गीय झाडे या बाबतीत सर्वांत नाजूक असून सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम बोरॉनही त्यांना त्रासदायक ठरतो. तो पानांच्या टोकांशी आणि कडांशी साठत जातो, म्हणून जुनी पाने आधी करपतात.

उपाय असा. आधी त्या झाडाला धुण्याचे पाणी देणे थांबवावे आणि दोन-तीन वेळा भरपूर साधे पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली उतरू द्यावेत. मातीत जिप्सम मिसळल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमला बाजूला सारते. मात्र त्यानंतरही पाण्याने धुऊन काढल्याशिवाय सोडियम मुळांजवळून जात नाही. माती सुधारली की सोडियम आणि बोरॉन कमी असलेला द्रवरूप साबण निवडावा, त्याची मात्रा कमी करावी आणि एकाच झाडाला सतत हे पाणी देण्याऐवजी आळीपाळीने वेगवेगळ्या झाडांना द्यावे. वेष्टनावर घटक छापलेले नसतील तर ती पावडर बागेसाठी नाही, असेच मी समजतो. पावसाचे साठवलेले पाणी हाती असेल, तर त्यातला काही भाग अधूनमधून आळी धुण्यासाठी राखून ठेवणे फार मोलाचे आहे.

प्रश्न : या पाण्यावर वाढवलेल्या भाज्या खाणे सुरक्षित आहे का? पालेभाज्या आणि गाजर-मुळा लावता येतील का?

उत्तर : गाजर, मुळा, आणि कच्ची खाल्ली जाणारी पालेभाजी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फळझाडे निर्धोक आहेत. जमिनीपासून उंच वाढणाऱ्या आणि शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या, उदाहरणार्थ मांडवावरचे वेल, या दोहोंच्या मध्ये येतात आणि योग्य काळजी घेतल्यास त्या लावायला हरकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर २००६ साली चार खंडांत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील तिसरा खंड मत्स्यशेतीविषयी आणि चौथा शेतीतील मलमूत्र व शौचालयाखेरीजच्या सांडपाण्याविषयी आहे. त्याआधी, १९८९ मध्ये, संघटनेने केलेल्या शिफारशींत भर होता तो पाण्याच्या मोजमापावर : कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू १,००० हून अधिक नसावेत आणि लिटरमागे जंताचे अंडे एकाहून अधिक नसावे, असे त्या सांगत. २००६ मध्ये विचाराची दिशा बदलली. पाणी ते तोंड या संपूर्ण वाटेवर एकामागून एक अडसर उभे करावेत, म्हणजे एखादा अडसर निकामी ठरला तरी बाकीचे टिकून राहतील, असा हा विचार आहे. घरी पाण्याची तपासणी रोज कोण करणार? म्हणून आपल्याला हीच पद्धत उपयोगाची आहे.

घरच्या बागेत हे अडसर असे उभे राहतात. पाणी फवारू नये, कारण तुषारांबरोबर जंतू पानांवर आणि आपल्या श्वासात जातात. ते आच्छादनाखाली किंवा ठिबकने बुंध्याशी सोडावे. जमिनीपासून उंच लागणाऱ्या फळांच्या बाबतीत एवढ्याने जंतूंचा संपर्क हजारो पटींनी कमी होऊ शकतो. काढणीपूर्वी काही दिवस या पाण्याऐवजी साधे पाणी द्यावे, कारण ऊन आणि कोरडेपणा यांनी पृष्ठभागावरचे जीवाणू दिवसागणिक मरतात. जंतांची अंडी मात्र इतक्या सहज मरत नाहीत, मातीत ती महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात, आणि शौचालयाचे पाणी वेगळे ठेवण्याचा आग्रह मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. जमिनीवर पडलेली फळे उचलून तशीच खाऊ नयेत. भाजी स्वच्छ पाण्याने धुवावी, साल काढण्याजोगी असेल तर काढावी. नीट शिजवणे हा या सर्वांत मजबूत अडसर आहे.

प्रश्न : सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी गढूळ दिसत नाही. ते बागेला चालेल का?

उत्तर : नाही. सेप्टिक टाकीत गाळ खाली बसतो आणि तवंग वर राहतो, म्हणून मधले पाणी डोळ्यांना स्वच्छ भासते, परंतु त्यात रोगजंतू मोठ्या संख्येने असतात. ते जमिनीखालीच मुरू द्यावे.

प्रश्न : झाडांच्या मुळांतून पाणी शुद्ध करण्याचा वाफा घरी करता येतो, असे ऐकले आहे. त्याची रचना कशी असते?

उत्तर : या पद्धतीचा शास्त्रीय पाया जर्मनीत केटे झायडेल या संशोधिकेने १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी घातला. घरगुती स्वरूप साधे आहे. सुमारे ६० सेंटिमीटर खोल, पाणी न झिरपणारा लांबट हौद घ्यावा, तो धुतलेल्या खडीने भरावा आणि त्यात पाणकणीस, नळ नावाचे उंच गवत, कर्दळ यांसारख्या ओल्या जागी वाढणाऱ्या वनस्पती लावाव्यात. पाणी एका टोकाने आत येते, खडीच्या पृष्ठभागाच्या खालून सावकाश सरकते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. खरे काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जीवाणूंचे पातळ थर करतात. वनस्पती त्यांना आधार आणि थोडा प्राणवायू पुरवतात. केवळ आंघोळीच्या व धुण्याच्या पाण्यासाठी माणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा धरावा आणि पाणी त्यात निदान दोन-तीन दिवस रेंगाळेल अशी लांबी ठेवावी.

अशा वाफ्यांचे अपयश मी पाहिले आहे ते बहुतेक वेळा खडी चोंदल्यामुळे आलेले असते. म्हणून वाफ्याच्या आधी गाळ बसण्याची छोटी कुंडी आणि तेल-केस अडवणारी जाळी हवीच, आणि ती दर आठवड्याला साफ करण्याची जबाबदारी घरातील कोणावर तरी निश्चित सोपवलेली हवी. पाण्याची पातळी खडीच्या वर येऊ देऊ नये. उघड्या, घाण पाण्यात क्युलेक्स डास अंडी घालतात आणि त्यांच्यातील एक जात हत्तीरोगाची वाहक आहे.

प्रश्न : घरामागे मासे पाळण्यासाठी तळे खणण्याचा विचार आहे. सांडपाणी थेट तळ्यात सोडून माशांना खाद्य मिळेल का? काही शहरांत असे करतात असे वाचले होते.

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घरच्या तळ्याला लागू पडत नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात शहराच्या सांडपाण्यावर मत्स्यशेती अनेक दशके चालत आली आहे. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या प्रदेशाला २००२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि त्याचे महत्त्व जगापुढे मांडण्यात ध्रुवज्योती घोष या अभियंत्याचा वाटा फार मोठा होता. तेथे सांडपाणी कालव्यांतून येते आणि विस्तीर्ण, उथळ तळ्यांत मोजून-मापून सोडले जाते. ऊन आणि शेवाळ मिळून पाण्यातील जंतू कमी करतात, शेवाळ प्राणवायू देते, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात आणि मासे ते खातात. किती पाणी केव्हा आत घ्यायचे, हे तेथील मच्छीमार पाण्याच्या रंगावरून आणि माशांच्या हालचालींवरून ठरवतात. म्यूनिक शहराजवळ १९२९ मध्ये बांधलेल्या तळ्यांतही सांडपाणी आधी निवळून आणि नदीच्या पाण्याने विरळ करूनच कार्प माशांना दिले जात असे. दोन्ही ठिकाणी भरपूर जागा, ऊन, वेळ आणि जाणकार माणसे होती. काही हजार लिटरांच्या घरगुती तळ्यात चूक सावरून घ्यायला यांपैकी काहीच नसते.

घरच्या सांडपाण्यातील साबण आणि धुलाईचे पदार्थ माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. लिटरमागे काही मिलिग्रॅमही पुरेसे ठरतात. म्हणून तळ्यात वाफ्यातून शुद्ध होऊन आलेले आंघोळीचे पाणीच, तेही थोडे थोडे सोडावे. धुण्याचे पाणी वाफ्यातून गेले असले तरी मी तळ्याकडे वळवणार नाही, ते फळझाडांना द्यावे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. तळ्यातील पाणी वाफ होऊन जाते पण क्षार मागे राहतात, आणि घट केवळ सांडपाण्याने भरून काढली तर क्षार वाढत जातात. यासाठी दर आठवड्याला तळ्यातील काही पाणी उपसून बागेला द्यावे आणि मगच नवे पाणी घ्यावे. माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे जीवाणूंनी नायट्रेटमध्ये रूपांतर केलेले असते, त्यामुळे हे उपसलेले पाणी झाडांना खतासारखे लागू पडते. वाफा, मग तळे, मग बाग हा क्रम मला सर्वांत समंजस वाटतो.

प्रश्न : तळ्यातील पाणी गडद हिरवे झाले आहे. दिवसभर मासे ठीक असतात, पण पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात. असे का?

उत्तर : त्यांना प्राणवायू कमी पडतो आहे, आणि उपाय आजच करायला हवा. ३० अंश सेल्सियस तापमानाला पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू हवेतून विरघळतो. दिवसा शेवाळ त्यात भर घालते, पण रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरू लागते आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. ५ मिलिग्रॅमच्या खाली मासे अस्वस्थ होऊ लागतात आणि ३ च्या खाली धोका गंभीर असतो. सांडपाणी आणि खाद्य दोन्ही तत्काळ थांबवावे, रात्रभर पाणी उसळवणारा छोटा पंप चालवावा आणि चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी एक दिवस उघड्यावर ठेवून मग सोडावे.

दुपारीही एक धोका असतो. दाट शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि सामू ९ च्या पुढे जातो. २५ अंशांना सामू ७ असताना पाण्यातील एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो, तर सामू ९ असताना तो एक तृतीयांशाहून अधिक होतो. तळ्यात पांढरी थाळी बुडवून पाहावी; ती साधारण ३० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली तर हिरवेपणा योग्य आहे, त्याच्या बऱ्याच आधी दिसेनाशी झाली तर पोषक द्रव्ये जास्त झाली आहेत.

प्रश्न : असे मासे खावेत का?

उत्तर : शौचालयाचे पाणी कधीही तळ्यात गेले नसेल आणि वर सांगितलेला क्रम पाळला असेल तर खायला हरकत नाही. काढण्यापूर्वी मासे एक-दोन आठवडे स्वच्छ पाण्यात ठेवावेत, म्हणजे आतड्यांतील मळ निघून जातो. साफ करताना आतडे फुटू देऊ नये, कारण जीवाणू मुख्यतः तेथेच असतात, आणि आतडे कापलेली सुरी धुतल्याशिवाय मांसाला लावू नये. काही प्रदेशांत माशांच्या मांसात यकृत-कृमीच्या अळ्या असतात आणि त्या स्वच्छ पाण्यात ठेवल्याने जात नाहीत, म्हणून मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाऊ नये. तळ्यात काम करणाऱ्याच्या हातापायावर जखम असेल तर ती भरेपर्यंत त्याने पाण्यात उतरू नये, आणि लहान मुलांना तेथे एकटे जाता येणार नाही असे कुंपण पहिल्याच दिवशी घालावे.